भाजी कष्टाची, फळ रोखीचं

माणसानं दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळं आणि भाज्या खाव्यात, असं जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी २००३ साली सांगितलं. बटाटा आणि इतर पिष्टमय कंद त्यात धरायचे नाहीत. ८० ग्रॅमचा एक वाटा मानला, तर हे पाच वाटे होतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनं भारतीय ताटासाठी माप आणखी वाढवलं आहे. त्यात ४०० ग्रॅम भाज्या, त्यांपैकी १०० ग्रॅम पालेभाजी, आणि वर १०० ग्रॅम फळं. प्रत्यक्षातलं चित्र भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७-१८ च्या देशव्यापी पाहणीत दिसलं: १८ ते ६९ वयाच्या प्रौढांपैकी ९८.४ टक्के माणसं पाच वाट्यांच्या खाली निघाली.

शंभरातली अठ्ठ्याण्णव मुलं नापास झाली, तर त्या परीक्षेवरून वर्गात मुली पुढे की मुलगे, हे सांगता येत नाही. फळं-भाज्यांच्या अभ्यासात आपल्याकडे नेमकं हेच झालं आहे. वयानुसार आणि बाई-पुरुषानुसार खाण्यात काय फरक पडतो, हा प्रश्न जगभर विचारला गेला आणि त्याची उत्तरंही आली. पण ती उत्तरं रायगड जिल्ह्यातल्या महाड-पोलादपूरच्या वाडीवर नेली की अडखळतात. ती का अडखळतात, हे पाहिलं तर मूळ प्रश्नावरही थोडा उजेड पडतो.

जग काय सांगतं

२००२-०३ च्या जागतिक आरोग्य पाहणीत ५२ देशांची माहिती गोळा झाली. बहुतेक देश गरीब किंवा मध्यम उत्पन्नाचे होते. त्यांत ७७.६ टक्के पुरुष आणि ७८.४ टक्के बायका पाच वाट्यांपेक्षा कमी खात होत्या, म्हणजे दोघांत जवळपास फरकच नाही. देशादेशांतली दरी मात्र प्रचंड होती. घानामध्ये कमी खाणारे पुरुष ३७ टक्क्यांच्या आसपास, तर पाकिस्तानात ९९ टक्क्यांवर. वय वाढलं की खाणं घटतं आणि उत्पन्न वाढलं की खाणं वाढतं, एवढे दोन कल मात्र स्पष्ट होते.

श्रीमंत देशांत चित्र निराळं आहे. तिथे बायका पुरुषांपेक्षा जास्त फळं-भाज्या खातात, मुली मुलग्यांपेक्षा जास्त खातात, हे अनेक पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं. इंग्लंडमध्ये बेकर आणि वॉर्डल या संशोधकांनी २००३ साली वयस्क माणसांमधल्या या फरकाचं कारण शोधलं. फरकाचा मोठा भाग आहाराविषयीच्या माहितीशी जोडलेला निघाला. बायकांना काय खावं हे जास्त ठाऊक होतं, म्हणून त्या जास्त खात होत्या.

हे उत्तर भरलेल्या दुकानांच्या आणि भरलेल्या खिशांच्या देशातलं आहे. अनेक देशांतल्या लाखाहून अधिक माणसांवर चाललेल्या ‘प्युअर’ या अभ्यासानं २०१६ साली हिशेब मांडला, की गरीब देशांत एका माणसाला रोज फळांचे दोन आणि भाज्यांचे तीन वाटे द्यायचे, तर घरच्या उत्पन्नाचा सुमारे ५२ टक्के भाग त्यातच जाईल. अशा ठिकाणी माहिती असून नसून सारखीच.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं, तर पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र वढू परिसरातल्या गावांचा वर्षानुवर्षं मागोवा घेत आहे. आशियातल्या अशाच नऊ ग्रामीण केंद्रांमधून २५ ते ६४ वयाच्या १८ हजारांवर माणसांना फळं-भाज्यांविषयी विचारलं गेलं. २००९ साली निष्कर्ष छापून आले. व्हिएतनाममधल्या चिलिलॅब केंद्रात ६३.५ टक्के पुरुष आणि ५७.५ टक्के बायका कमी खाणाऱ्या होत्या. वढूत मात्र सगळीच्या सगळी माणसं त्या रेषेखाली होती. सर्वांत वरचा वयोगट आणि कमी शिक्षण यांचा कमी खाण्याशी संबंध दिसला, तोही सर्व केंद्रांत सारखा नव्हता. वढूपुरता बाई-पुरुषाचा फरक त्या मापानं दिसणं शक्यच नव्हतं.

घर मोजतात, ताट राहून जातं

आपल्या मोठ्या पाहण्यांमध्ये आणखी एक अडचण आहे. कौटुंबिक खर्चाची पाहणी घराचा हिशेब घेते. २०२२-२३ च्या पाहणीनुसार देशातलं ग्रामीण घर आपल्या खर्चातले ५.३८ टक्के भाज्यांवर आणि ३.७१ टक्के फळांवर, सुक्यामेव्यासकट, घालवतं. दोन्ही मिळून ९.०९ टक्के. पेयं, तयार खाऊ आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांवर ९.६२ टक्के जातात. चहा, बिस्किटं, फरसाण आणि वेफर्सची पाकिटं यांनी फळं-भाज्यांना मागे टाकलं, हे त्यातून कळतं. पण त्या घरातली वाटी कोणाच्या ताटात किती रिकामी झाली, ते कळत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी बायका आणि पुरुष यांना वेगवेगळं विचारते, पण ‘रोज, आठवड्यातून, कधीतरी, कधीच नाही’ एवढंच. चमचाभर चाखलेली पालेभाजी आणि वाटीभर खाल्लेली पालेभाजी तिथे एकच. शिवाय तिचे आकडे जिल्ह्यापर्यंतच खाली येतात. रायगड जिल्ह्याचा आकडा म्हणजे पनवेलच्या टॉवरमधलं फ्रिज आणि पोलादपूरच्या डोंगरातली शिंकाळी यांची एकत्र सरासरी. महाड-पोलादपूर त्यात विरघळून जातात.

तिसरी अडचण रानाची. सर्वेक्षकानं ‘फळं खाता का?’ विचारलं, की माणसांच्या डोळ्यांसमोर सफरचंद, मोसंबी, केळी येतात, म्हणजे पैसे मोजून आणलेली फळं. गुरांमागे फिरताना खाल्लेली करवंदं, शाळेच्या वाटेवरची बोरं आणि आवळे, दारच्या रायवळीखाली वेचलेले आंबे हे कोणी ‘फळ खाल्लं’ म्हणून सांगत नाही.

सह्याद्रीच्या पायथ्याचं वर्ष

महाड सावित्रीच्या काठी, पोलादपूर त्याच नदीच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या तोंडाशी. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. खाचरात भात, उतारावर नाचणी-वरी, भात निघाल्यावर ओलीवर वाल. इथे भाजी आणि फळ ही दोन ऋतूंची पिकं आहेत.

पहिल्या पावसाबरोबर रान उगवतं. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, शेवळं, पुढे करटुली, बांबूचे कोंब, अळंबी. श्रावण-भाद्रपदात परड्यातले मांडव लदतात: पडवळ, शिराळी, घोसाळी, काकडी, भोपळा. गोकुळाष्टमीला शेवग्याचा पाला, ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही नसलेली ऋषीची भाजी. थंडीत मुळा, माठ, वांगी आणि वालाच्या शेंगा. मार्चनंतर विहिरी आटतात. एवढ्या पावसाच्या मुलखात वाड्यांवर टँकर येतात आणि परडं सुकतं. मग उरतं वालाचं बिरडं, कुळथाची पिठी, सुकी मासळी आणि घाटावरून येणारी विकतची भाजी.

फळांचं बरोबर उलटं. भाजी आटते तेव्हा रान पिकतं: करवंदं, तोरणं, जांभळं, काजूचे बोंडू, फणस, आंबा. म्हणजे मे महिन्यात विचारलं तर इथला माणूस फळं खाणारा आणि भाजीला मुकलेला ठरेल, ऑगस्टमध्ये विचारलं तर बरोबर उलटा. ‘फळं आणि भाज्या’ अशी एकच बेरीज केली, तर ही अदलाबदल त्यात बुडून जाते.

विकतच्या भाजीचा रस्ताही पावसावर अवलंबून. वरंधा आणि आंबेनळी हे घाट दरडींनी बंद झाले, की सातारा-पुण्याकडचा माल लांबच्या वाटेनं येतो आणि महागतो. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखरसुतारवाडीवर दरडी आल्या आणि आंबेनळीची वाट तुटली. अशा दिवसांत ताटात जे काही हिरवं पडलं असेल, ते परड्यातलं आणि रानातलंच.

बाईची भाजी, पुरुषाची भाजी

या मुलखातला बाई-पुरुष फरक समजून घ्यायचा, तर आवड-नावड बाजूला ठेवून भाजी ताटापर्यंत येते कशी ते पाहावं लागतं. पावसाळी भाजी विकत मिळत नाही, ती खुडावी लागते. लावणीहून परतताना बाई ओटीत टाकळा भरून आणते, संध्याकाळी तो निवडते, चिरते, शिजवते. शेवळं तर जाणत्या हातानंच करावीत. काकडाची फळं किंवा चिंच घातली नाही, तर घसा खवखवतो. हे सगळं काम बाईचं, म्हणून पालेभाजीवर तिचा हातही जवळचा. कालवण किंवा मासळी पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात गेली, की बाई उरलेल्या भाजीशी भाकरी खाते. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत मासळी-मांस कधीच न खाणाऱ्या बायका देशभरात सुमारे २९ टक्के आणि पुरुष सुमारे १७ टक्के निघाले. भाजीतली बाईची आघाडी, जिथे असेल तिथे, अशी दुसऱ्या पदार्थाच्या तुटीतून आलेली असू शकते. इंग्लंडमधल्या बाईची आघाडी आणि इथल्या बाईची आघाडी आकड्यात सारखी दिसली, तरी तिचा अर्थ एक नाही.

पुरुषाची भाजी दुसऱ्या कोणाच्या तरी चुलीवरून येते. महाड-पोलादपूरचे पुरुष पिढ्यानपिढ्या मुंबईत. गिरण्यांच्या काळात गावकीच्या खोल्यांत राहायचं आणि खानावळीत जेवायचं. त्या खानावळीही बायकाच चालवायच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते अशाच बायकांना एकत्र आणून. खानावळीत उसळ असे, रस्सा असे, पालेभाजी क्वचित. निवडायला वेळ लागणारी भाजी धंद्याला परवडत नाही. आज महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्याचा डबा घरचा असतो, पण डब्यात रस नसलेली सुकी भाजी जाते, बहुधा बटाटा, आणि बटाटा तर मोजणीतच नाही. पाळी सुटल्यावर वडापाव. त्यातही बटाटाच.

फळाचा हिशेब रोखीचा आहे आणि रोकड ज्याच्या हातात, त्याचा फळावर पहिला हक्क. बाजारातून केळी आली तर ती मुलांसाठी, मोसंबी आजाऱ्यासाठी, सफरचंद पाहुण्याकडे न्यायला. बाईच्या वाट्याला फळ येतं ते उपवासाच्या वाटेनं. संकष्टी, एकादशी, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार हे बायकांच्या अंगावरचे उपवास. पण त्या दिवशीचं केळं साबुदाणा, रताळं आणि शेंगदाण्यांच्या गर्दीत एकटंच असतं.

कातकरी बाईकडे पाहिलं, तर हा तिढा आणखी उघड होतो. करवंदं, जांभळं, शेवळं, करटुली रानातून वेचून आणणारी तीच. पळसाच्या पानांचे द्रोण भरून महाडच्या बाजारात किंवा महामार्गाच्या कडेला बसणारीही तीच. पण जे विकलं जातं ते घरी खाल्लं जात नाही. त्या पैशातून तांदूळ, तेल, सुकी मासळी येते. ऑगस्टमध्ये शासनातर्फे रानभाजी महोत्सव भरतात, शहरातली माणसं कौतुकानं पाककृती लिहून घेतात. रानभाजीला भाव आला हे चांगलंच. पण भाव जितका वाढेल, तितकी ती वेचणाऱ्या घराच्या ताटातून निसटेल, हाही त्याच बाजाराचा नियम आहे.

पाळण्यापासून काठीपर्यंत

वयाच्या बाजूनं पाहिलं, तर सहा महिन्यांच्या बाळाला इथे पेज, नाचणीचं सत्त्व, वरणाचं पाणी मिळतं. पालेभाजी ‘जड’ म्हणून आणि केळं ‘थंड’ म्हणून मागे राहतं. त्याला भाजी मिळते ती घरच्या ताटात बसू लागल्यावर, तीही रश्शातली.

शाळेत आल्यावर मुलाच्या भाजीला पहिल्यांदा सरकारी माप लागतं. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलासाठी दिवसाला ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीसाठी ७५ ग्रॅम भाजी ठरवलेली आहे. मुलगा-मुलगी भेद नाही, आधी कोण आणि नंतर कोण असाही प्रश्न नाही, पंगत एकच. पण ही पंगत आठवीत संपते.

आणि नेमकं तिथेच मुलीच्या शरीराची गरज उडी घेते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह लागतं, त्याच वयाच्या मुलाला २२. पुढच्या टप्प्यात तिला ३२, त्याला २६. प्रौढ बाईला २९, पुरुषाला १९. देशव्यापी पोषण पाहणीत (२०१६-१८) १० ते १९ वयाच्या ४० टक्के मुली रक्तक्षयी निघाल्या, मुलगे १८ टक्के. आंध्र-तेलंगणातल्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या ‘यंग लाइव्ह्ज’ अभ्यासातून २०१७ साली असं मांडलं गेलं, की लहान वयात मुलगा-मुलगी यांच्या ताटात फारसा फरक नसतो, पंधराव्या वर्षाच्या आसपास तो मुलग्यांच्या बाजूनं उघडतो, आणि प्रथिनांचे व जीवनसत्त्वांचे पदार्थ त्यात पुढे असतात. पालेभाजीतलं लोह तसंही शरीरात कमी शोषलं जातं. सोबत आवळा, लिंबू, पेरू असेल तर ते बऱ्यापैकी शोषलं जातं. म्हणजे भाजी मिळाली आणि फळ हुकलं, की भाजीचंही मोल घटतं.

पुढचा टप्पा गरोदरपणाचा. इथे महाराष्ट्राचं काम जगात मानलं जातं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकारानं पुण्याजवळच्या सहा गावांत सुमारे ८०० गरोदर बायकांचा आहार नोंदला गेला. शोभा राव आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा: आईनं किती उष्मांक किंवा प्रथिनं घेतली याचा बाळाच्या आकाराशी संबंध दिसला नाही. अठ्ठाविसाव्या आठवड्यात ती पालेभाजी आणि फळं किती वेळा खात होती, याचा मात्र ठळक संबंध दिसला. पुढे मुंबईच्या वस्त्यांमध्ये साडेसहा हजारांच्या आसपास बायकांना पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ रोज देऊन पाहिला गेला. एकूण सरासरीत वजनाचा फरक पडला नाही. पण गर्भ राहण्याआधी निदान तीन महिने खाऊ सुरू झालेल्या बायकांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनं जड निघाली, आणि गरोदरपणातला मधुमेह १२.४ ऐवजी ७.३ टक्क्यांवर आला. गरोदरपण कळल्यावर धावपळ करण्यात उशीर झालेला असतो. आपल्याकडे तर त्याच काळात पपई वर्ज्य होते आणि बाळंतपणात ‘थंड’ म्हणून इतर फळंही.

म्हातारपणाबाबत जगाचं उत्तर आणि इथलं उत्तर एकदाचं जुळतं. खाणं घटतं. मात्र कारणं इथली आहेत. मिश्रीनं आणि वयानं दात गेलेले, कवळी परवडत नाही, म्हणून काकडी, पेरू, शेंगा गेल्या. मुलगा-सून मुंबईला, घरात दोघंच किंवा एकटी म्हातारी. एका माणसासाठी भाजी निवडून शिजवायचा कंटाळा, मग पेज आणि लोणचं. मांडव घालावा तर वानरं ठेवत नाहीत. कोणतं पान उकळून पाणी टाकायचं, कोणता कंद कधी खणायचा हे सगळं जिला ठाऊक, तिलाच आता डोंगर चढवत नाही. इंग्लंडमध्ये माहिती असणारा जास्त खातो. पोलादपूरच्या वाडीत सर्वांत जास्त माहिती असणारी बाई कदाचित सर्वांत कमी खात असेल.

तर करायचं काय

या सगळ्यातून निघणारी पहिली गोष्ट मोजणीची. फळ आणि भाजी वेगळी मोजावी, माणूस वेगळा मोजावा, आणि वर्षातून दोनदा मोजावी, भाद्रपदात आणि वैशाखात. पास-नापासाची रेषा सोडून वाट्या मोजाव्यात. प्रश्न ‘काय खाल्लं’ एवढाच न ठेवता ‘ते कोणी आणलं आणि कोणाच्या नंतर खाल्लं’ असाही असावा. असं मोजमाप तालुक्याच्या पातळीवर आशा कार्यकर्त्या करू शकतील. फक्त ते काम त्यांच्या डोक्यावर फुकट टाकू नये.

दुसरी गोष्ट शाळेची. पंगत आठवीऐवजी दहावीपर्यंत नेली, तर वय आणि लिंग या दोन्ही दऱ्या जिथे एकत्र येतात त्या जागी हात पोचतो. तिथे भाजीसोबतच आवळा किंवा लिंबू वाढलं, तर खर्च फारसा वाढत नाही.

तिसरी परड्याची. ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानानं पोषण परसबागांची मोहीम राबवली. पण इथे पावसाळ्यात पालेभाजीची वाण नाही. वाण आहे ती उन्हाळ्यात भाजीची आणि बाकीच्या वर्षात फळाची. मोरीच्या पाण्यावर केळ, पपई आणि अळू पूर्वीपासून लावतात, शेवगा पाण्याशिवाय उन्हाळा काढतो. पिकलेली पपई आणि केळं बिनदातांच्या माणसालाही चालतं. दारात फळ असलं, की ते रोखीच्या हिशेबातून सुटतं आणि खाणाऱ्याला कोणाच्या खिशाकडे पाहावं लागत नाही.

‘फळं आणि भाज्या जास्त खा’ हा सल्ला सगळ्यांना सारखाच दिला जातो. महाड-पोलादपूरच्या बाईला भाजी आणण्याचं ओझं आधीच आहे. तिला हवं आहे ते दुसऱ्याच्या कष्टाची भाजी आणि स्वतःच्या हातातला पैसा. पुरुषाला हवी आहे चिरता-निवडता येण्याची सवय, पंधरा वर्षांच्या मुलीला दुपारचं ताट आणि म्हातारीला कवळी. वयानुसार आणि बाई-पुरुषानुसार खाण्यात फरक पडतो, एवढं सांगून आरोग्य खात्यानं थांबू नये. उपायही वयानुसार आणि बाई-पुरुषानुसार वेगळे काढले, तरच या फरकाचा अभ्यास करण्याला अर्थ आहे.